डोळ्यांत पाणी, कानांत बोळे

मराठीत सिनेमाविषयी लिहिताना सगळ्यात आळशी शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी ‘संवेदनशील’ हा शब्द पुढे करीन. संवेदनशील दिग्दर्शक, संवेदनशील अभिनय, संवेदनशील विषयाची संवेदनशील हाताळणी. जाहिरातीत तो असतो, परीक्षणात असतो, पुरस्कार देतानाच्या भाषणात तर हमखास असतो. असाध्य आजार, गतिमंद मूल, शेतकऱ्याची आत्महत्या, एकटे पडलेले आईवडील, यांतलं काहीही पडद्यावर आलं की हा शिक्का उमटतो. विषय दुखरा आहे एवढंच त्यातून कळतं. त्या दुखऱ्या जागी नटानं काय केलं, कथेनं काय केलं, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

शब्द आळशी झाला की त्याच्या आडून बरंच काही खपून जातं. म्हणून हे भांडण शब्दाचं वाटलं तरी शब्दापुरतं नाही. या बिरुदाखाली आपण तीन गोष्टी चालवून घेतो आहोत: अश्रूंची घाऊक विक्री, अश्रूंविषयीची सुशिक्षित शिसारी, आणि नटाच्या, त्यातही लहान मुलांच्या, जिवाशी चाललेला खेळ. वरवर पाहिलं तर तिघांचं एकमेकांशी पटत नाही. तिघांची नजर मात्र एकाच जागी खिळलेली असते, नटाच्या डोळ्यांवर. पाणी आलं का? किती आलं? खरं होतं का? माझं म्हणणं असं की नजर लावायची जागाच चुकली आहे. नटाची संवेदनशीलता जोखायची तर त्याचे कान बघावेत.

आधी घाऊक बाजाराकडे वळू. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला आणि अलका कुबल यांच्या सोसण्यानं महाराष्ट्रातली थिएटरं भरून गेली. पुढे त्या सिनेमाची टिंगल करणं हा शिकलेल्या लोकांचा छंदच झाला. मला ती टिंगल मान्य नाही. घरात मोकळेपणानं रडायची सोय नसलेल्या असंख्य बायकांना त्या अंधारानं काही तास रडायची मुभा दिली, ही लहान गोष्ट नव्हे. आक्षेप वेगळा आहे. या जातीच्या कथेत दुःखावर दुःख रचलं जातं, छळ चढत जातो, आणि तरीही कथेतल्या कुणाला त्या बाईचं म्हणणं वेळेत ऐकू येत नाही. ऐकू येतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तो उशीर हाच कथेचा माल असतो. प्रेक्षक रडतो, हलका होतो, घरी जातो. घरातल्या बाईचं ऐकायला तो शिकलेला नसतो, कारण ऐकलं तर काय होतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

याउलट ‘श्यामची आई’ घ्या. आचार्य अत्र्यांचा हा सिनेमा १९५३ सालचा. उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. वनमालाबाई आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. अश्रूंच्या बाबतीत ही कथा कुणाला हार जाणार नाही. साने गुरुजींना ‘रडके’ म्हणून हिणवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्या कथेची बांधणी पाहा. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हा आई ओलं लुगडं त्याच्या पायाखाली पसरते आणि पायाला जपतोस तसं मनालाही जप, असं सांगते. तिथं आई ऐकते, मग मुलगा ऐकतो, आणि दोघांपैकी एकजण बदलतो. डोळ्यांत पाणी येतं ते या बदलाचं. एवढ्या ओल्या कथेतसुद्धा पाण्याला दिशा आहे. ‘हळवं’ आणि ‘संवेदनशील’ यांतला फरक मला इथं दिसतो. हळवं मन स्वतःच्या दुखण्यापाशी थांबतं. संवेदनशील मन समोरच्याच्या दुखण्यापर्यंत पोचतं, आणि पोचल्यावर पूर्वीसारखं राहत नाही.

आता दुसऱ्या तटाकडे, म्हणजे आपल्याकडे. या पानांचे वाचक बहुतेक याच तटावरचे आहेत, मीही आहे. आपल्याला रडणं आवडत नाही. आपल्याला ‘संयत’ अभिनय आवडतो. त्याच्या उलट शब्द मराठी समीक्षेनं इंग्रजीतून उचलला आहे, ‘लाऊड’. नट लाऊड आहे म्हटलं की वाद संपतो. चेहऱ्यावरची रेष हलली नाही, खिडकीबाहेर पाहत राहिला, चहाचा कप खाली ठेवला, की आपण माना डोलावतो. ही रुची कुठून आली हे मात्र आपण तपासत नाही. दुःख गिळून बोलायचं, आवाज चढवायचा नाही, शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही, हे शहरी मध्यमवर्गाचे घरगुती शिष्टाचार आहेत. ते वाईट नाहीत. पण आपल्या घरातल्या रीतीला आपण कलेचा नियम ठरवून टाकलं आहे.

गावाकडे माणूस गेल्यावर बायका रडतात ते नुसतं रडणं नसतं. त्या गेलेल्याला हाका मारतात, त्याच्या खोड्या सांगतात, त्यानं केलेलं आणि न केलेलं मोजतात, एकीचं संपलं की दुसरी उचलते. त्याला घाट आहे, क्रम आहे, ऐकणारा आहे. आपल्या कानाला तो गोंगाट वाटतो, कारण आपल्याला त्याचं व्याकरण येत नाही. ज्या भाषेचं व्याकरण येत नाही तिला गोंगाट म्हणणं ही अनुवादकाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी असंवेदनशीलता.

मी राहते त्या कर्नाटकातलंच उदाहरण देते. ब. व. कारंतांचा ‘चोमन दुडि’ १९७५ सालचा, शिवराम कारंतांच्या कादंबरीवरचा. अस्पृश्य मानलेला चोमा, स्वतःची जमीन कसायची एवढीच त्याची आस, आणि ती त्याला कुणी देत नाही. एम. व्ही. वासुदेवराव यांना या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चोमाचं दुःख दुडीवर पडणाऱ्या थापेत आहे. दुडी म्हणजे चर्मवाद्य. ते संयत वाजत नाही. अंगणात रात्रभर घुमतं. त्या अभिनयाला लाऊड म्हणायचं का? म्हणायचं तर खुशाल म्हणा, मग लाऊड ही शिवी राहत नाही. इथं नट रडायच्या ऐवजी वाजवतो. कथेत त्याचं म्हणणं ऐकणारं कुणी नसतं, म्हणून तो चामड्याला बोलतं करतो. ऐकणारं माणूस नाही ही गोष्ट आपल्याला ऐकू येते, ती त्या आवाजामुळेच.

आणि संयम कुठं खरा असतो तेही सांगितलं पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. ती नवऱ्याविषयी ज्या सुरात सांगते त्या सुरात लोक रेशनकार्डाविषयी बोलतात. मॅनहोलमधून झुरळं बाहेर येतात का ते बघून तो आत उतरायचा, झुरळं दिसली म्हणजे आत माणूस जगेल एवढी हवा आहे. तिचा आवाज कापत नाही. हा मध्यमवर्गीय संयम नव्हे. विचारणाऱ्याला उत्तरापलीकडे काही नको आहे हे तिनं ओळखलेलं आहे. कोर्टाचे कान किती रुंद आहेत ते तिला माहीत आहे आणि तेवढंच ती त्यात घालते. म्हणजे पुन्हा गोष्ट कानांचीच. तिचं न रडणं आपण ‘किती सूक्ष्म अभिनय’ म्हणून वाखाणलं आणि न्यायालयाचं बहिरेपण विसरलो, तर आपण माहेरच्या साडीत रडणाऱ्या बायकांपेक्षा शहाणे ठरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. नटाची भावना ‘खरी’ हवी, हा हट्ट. अमुक प्रसंगात तो खरोखर रडला, चित्रीकरण संपल्यावरही तिचं रडू थांबेना, भूमिकेतून बाहेर यायला सहा महिने लागले. अशा मुलाखती आपण भक्तिभावानं वाचतो. या हट्टाचा शेवट कुठं होतो ते सिनेमाच्या इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. १९३१ साली हॉलिवुडच्या ‘स्किपी’ या सिनेमात नऊएक वर्षांच्या जॅकी कूपरला रडू येईना, तेव्हा तुझ्या कुत्र्याला गोळी घालू अशी धमकी त्याला देण्यात आली. धमकी देणारा दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग नात्यानं त्याचा काका लागत होता. मुलगा रडला. टॉरोगला त्या सिनेमाच्या दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. कूपरनं पन्नास वर्षांनी आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावच ‘कृपा करून माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका’ अशा अर्थाचं आहे. पन्नास वर्षांनीसुद्धा पुस्तकाच्या पाठीवर तेच वाक्य.

१९७२च्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मध्ये बर्तोलुचीनं मारिया श्नायडरपासून बलात्काराच्या प्रसंगातला एक तपशील मुद्दाम लपवला. ती तेव्हा कोवळ्या वयाची होती. नटी म्हणून तिची प्रतिक्रिया नको होती, मुलगी म्हणून हवी होती, अशा आशयाचं स्पष्टीकरण त्यानं २०१३ साली दिलं. त्याआधीच ती गेली होती. हे वाक्य नीट वाचलं तर त्यात अभिनयाविषयीचा पुरता तिरस्कार आहे. नटीला आपलं काम येतं यावरच दिग्दर्शकाचा विश्वास नाही. त्याला कला नको आहे, इजा हवी आहे, आणि तिचं नाव त्यानं सत्य ठेवलं आहे.

हे परदेशातलं, जुनं, असं म्हणून सुटता येणार नाही. आपल्या मालिकांतून आणि मुलांच्या स्पर्धांतून कॅमेरा रडणाऱ्या पोरावर किती वेळ रेंगाळतो ते मोजून बघा. आपल्याकडे कायदा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७च्या नियमांनी बालकलाकारासाठी अटी घातल्या: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मिळकतीतले निदान वीस टक्के मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. या चांगल्या अटी आहेत. पण कायदा तास मोजतो, पैसे मोजतो. पाच तासांच्या आत मुलाला कसं रडवलं, हे त्याला मोजता येत नाही. ते मोजायचं काम समीक्षकाचं आणि प्रेक्षकाचं आहे. आणि आपण काय करतो? ‘त्या चिमुरड्यानं काळजाला हात घातला’ असं लिहून मोकळे होतो.

खरी भावना हवी हा हट्ट आपल्या परंपरेचाही नाही. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अश्रू त्या यादीत सातवा, म्हणजे भरतमुनींना रडण्याचं वावडं नव्हतं. पण तिथंच त्यांनी आजच्या मुलाखतकारांना उत्तर देऊन ठेवलं आहे. ज्याला दुःख झालेलं नाही त्यानं दुःख कसं दाखवायचं, असा प्रश्न ते स्वतःच विचारतात आणि सांगतात की सत्त्व एकाग्र मनातून उपजतं. नटाला खरोखर दुखावणं हा तिथं उपायच नाही. दुखावलेलं मन एकाग्र नसतं, ते स्वतःतच बुडालेलं असतं. फ्रान्समध्ये दिदेरोनं अठराव्या शतकात हाच वाद दुसऱ्या टोकाकडून घातला: प्रेक्षकाला रडवणाऱ्या नटाचं डोकं थंड असावं लागतं. स्तानिस्लावस्कीला भावनेचा पुरस्कर्ता मानतात, पण तोही नटाला आधी शिकवतो ते अवधान, समोरच्या माणसाशी जोडून घेणं.

इथं म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या एम. हिरियण्णांचे सौंदर्यविचारावरचे निबंध त्यांच्या पश्चात १९५४ साली ‘आर्ट एक्स्पीरियन्स’ या नावानं पुस्तकरूपात आले. रसानुभवात माणूस स्वतःच्या सुखदुःखापासून सुटतो, हा त्या विचाराचा गाभा. शोक माझा नाही, तुझा नाही, म्हणूनच तो दोघांना एकत्र बघता येतो. जॅकी कूपरचं रडणं मात्र पुरतं त्याचंच होतं. त्याचा कुत्रा, त्याची भीती. ते बघून आपल्याला जे होतं त्याला रस म्हणणं ही भाषेची फसवणूक आहे.

डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला ‘लमाण’ नाव दिलं, याहून नेमकी व्याख्या मराठीत कुणी केलेली नाही. लमाण इकडचा माल तिकडे पोचवतो. माल त्याचा नसतो. वाटेत सांडू नये, भिजू नये, हे त्याचं कसब. ज्या माणसानं ‘नटसम्राट’मधला बेलवलकर पेलला त्यानं स्वतःला वाहक म्हणवून घ्यावं, यात विनय आहे तसा सिद्धान्तही आहे. अनुवादकाला तो चटकन पटतो, कारण आम्हीही लमाणच. दुसऱ्याचं दुःख एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना मी स्वतः हमसून हमसून रडले तर वाक्य बिघडतं. दुःख कमी होतं म्हणून नव्हे. कान माझ्याच रडण्यानं भरतात, मूळ माणसाचा आवाज मागे पडतो.

मग संवेदनशील अभिनय दिसतो कसा? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ घ्या. २०१३ सालचा हा सिनेमा प्रेक्षकगृहांत यायला २०१६ उजाडलं. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त पंडित, त्यांना अल्झायमर झालेला. मोहन आगाशे यांनी ते काम केलं आहे. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते, तेवढ्यात त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते हत्तीच्या मागे निघून जातात. पुढे त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. ती कानडी बोलणारी. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सुमित्राताईंना संवादांसाठी.

या जोडीकडे कानांनी बघा. एकाची भाषा झडत चालली आहे, आणि भाषा हेच ज्याचं आयुष्य होतं असा तो माणूस आहे. दुसरीची भाषाच वेगळी. दोघांमध्ये सामायिक वाक्य जवळजवळ नाही. मग उरतं ते लक्ष देणं. याला भूक लागली आहे का, हा भ्यालाय का, याला आत्ता काय हवंय. ज्याला घरचे ‘बाबा असं काय करताय’ म्हणून समजावू पाहतात, त्याला ती लेकरासारखं सांभाळते, कारण तिला त्याचं आधीचं मोठेपण माहीतच नाही. तिच्यापुढे जे आहे तेवढंच ती ऐकते. तिच्या डोळ्यांत किती पाणी आलं हे मला आठवत नाही आणि आठवायची गरजही पडत नाही. मुलगी इरा झालेल्या इरावती हर्षे यांची अवस्थाही तितकीच खरी आहे. तिला बापाचं पूर्वीचं बोलणं इतकं स्पष्ट आठवतं की आत्ताचं ऐकणं जड जातं. प्रेम आहे, अश्रूही आहेत, तरी ऐकू यायला वेळ लागतो. संवेदनशीलता प्रेमाबरोबर आपोआप येत नाही, ही या सिनेमानं सांगितलेली कडू गोष्ट आहे. आपण मात्र ‘अल्झायमरवरचा संवेदनशील चित्रपट’ एवढं लिहून तिच्यावर पाणी सोडतो.

कथेलाही कान असतात. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आठवा. कोकणातले आजोबा, डोळ्याच्या कर्करोगानं ग्रासलेला नातू, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. या कथेत रडवायला लागतं ते सगळं होतं. पण कथा अडते ती एका वेगळ्याच प्रश्नापाशी: हे त्या पोराला सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कुणी, कसं? मोठ्यांच्या दुःखाच्या मध्यभागी मुलाचा जाणून घेण्याचा हक्क उभा राहतो. आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला घेऊन दवाखान्यातून निघून जातात, त्याला जग दाखवायला. कथेनं मुलाचं ऐकलं, म्हणून आजोबांनाही ऐकावं लागलं.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट आणि त्याच्या ‘धडक’ (२०१८) या हिंदी अवताराचा शेवट शेजारी ठेवले की कथेचे कान उघडे आणि बंद कसे असतात ते कळतं. घटना जवळपास तीच, घरच्यांनी केलेला खून. ‘सैराट’मध्ये आईबाप मरतात, लहान पोर शेजारणीकडून परत येतं, रक्तात पाय पडतात आणि ते रडत बाहेर जातं. आवाज काढून टाकला आहे. पोराचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही, आणि ऐकू न येणं हाच त्या शेवटाचा आरोप आहे. ‘धडक’मध्ये मूल वाचत नाही, आई वाचते आणि शेवट तिच्या चेहऱ्यावर येतो. नायिकेचं दुःख दाखवण्यात गैर काही नाही. पण ‘सैराट’नं मागे ठेवलेला प्रश्न, या पोराचं आता काय, तो तिथं उरत नाही. जातीचं नाव बोथट झालंच होतं, साक्षीदारही गेला. शिल्लक राहिलं ते रडणं. त्याच ‘सैराट’चं कन्नड रूप ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) आलं आणि त्यात रिंकू राजगुरूच नायिका होती. नटी तीच राहिली तरी सिनेमा बदलतो, यावरून तरी कळावं की संवेदनशीलता एकट्या चेहऱ्यावर टांगलेली नसते. ती पटकथेत, ध्वनिमुद्रणात, संकलनाच्या टेबलावर वाटलेली असते.

आणि मग ती आमच्या टेबलावर येते. म्हैसूरचं हेब्बाळ हे कारखान्यांचं आणि सॉफ्टवेअरच्या मोठ्या आवाराचं उपनगर. इथं कन्नड, तेलुगू, हिंदी, मल्याळम बोलणारे शेजारी मराठी सिनेमा बघतात तो पडद्याखालच्या इंग्रजी ओळींतून. त्या ओळींना मापं आहेत. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी. एवढ्या जागेत बाई दारातून म्हणते, ‘येते’. जाणारी बाई ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. कन्नडमध्येही ती ‘होगि बर्तीनि’ म्हणते, जाऊन येते. दोन्ही भाषांत निरोपाच्या पोटात परतीचं वचन आहे. इंग्रजी ओळीत ती नुसती निघून जाते. ती बाई कथेत परत येणार नसेल तर सगळं दुःख त्या ‘येते’मध्ये होतं आणि ते उंबऱ्यावरच सांडलं. आतड्याला पीळ पडणं मराठीत आहे. कन्नडमध्ये ‘करुळु’ म्हणजे आतडं आणि करुळु म्हणजे मायाही. अशा शब्दांच्या जागी ‘दुःखी’ लिहायला अर्धा सेकंद लागतो. ‘अस्तु’सारख्या सिनेमात कन्नड आणि मराठी यांच्यातलं अंतर हाच अभिनयाचा प्राण असतो, आणि खाली दोन्हींची एकसारखी इंग्रजी धावली तर बाहेरच्या प्रेक्षकाला चन्नम्मा ‘प्रेमळ बाई’ एवढीच उरते. वर पुन्हा कंसात सूचना: रडते. करुण संगीत. म्हणजे डोळे आणि व्हायोलिन पोचले, बोलणं राहून गेलं.

यावर आक्षेप येईल की तुम्ही प्रेक्षकाच्या भावनांवर पहारा बसवता आहात. कुणाला कशानं रडू यावं हे समीक्षकानं का ठरवावं? बरोबर आहे, ठरवू नये. प्रेक्षकानं हवं तेवढं रडावं. माझा वाद त्याच्याशी नाही. माझा वाद ते रडणं प्रमाणपत्र म्हणून वापरणाऱ्यांशी आहे. प्रेक्षक रडला म्हणून सिनेमा संवेदनशील ठरत नाही, जसा तो न रडला म्हणून थोर ठरत नाही. कांदा चिरतानाही पाणी येतं, म्हणून कांद्याला कुणी संवेदनशील म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नटाला काहीच वाटलं नाही तर अभिनय कोरडा होणार नाही का? होईल. काहीच वाटू नये असं कोण म्हणतंय? वाटणं हे नटाचं भांडवल आहे. पण भांडवल दाखवत फिरणं म्हणजे व्यापार नव्हे. नटाला जे वाटतं ते त्यानं समोरच्या पात्राकडे वळवलं पाहिजे, कॅमेऱ्याकडे नव्हे. ज्या क्षणी नट ‘मला किती वाटतंय बघा’ म्हणतो त्या क्षणी समोरचं पात्र प्रसंगातून नाहीसं होतं. दोन माणसांच्या प्रसंगात एकच माणूस उरला की समजावं, संवेदनशीलता खोलीबाहेर गेली आहे.

म्हणून काही साध्या मागण्या. परीक्षण लिहिणाऱ्यांनी ‘संवेदनशील’ हा शब्द वर्षभर वापरू नये. त्याच्या जागी एक वाक्य लिहावं: या प्रसंगात कोण कुणाचं ऐकतं आणि ऐकल्यावर काय बदलतं. असं वाक्य लिहिता आलं नाही तर कौतुक करू नये. संयमाची स्तुती करताना तो कुणाचा संयम आहे, कुणाच्या भीतीनं आलेला आहे, तेही सांगावं. नट खरोखर रडला ही बातमी गुणपत्रिकेत धरू नये. मुलाच्या अभिनयाला बक्षीस देणाऱ्या प्रत्येक परीक्षक मंडळानं दिग्दर्शकाला विचारावं की हे रडू आणलं कसं, आणि उत्तर जाहीर करावं. उत्तर नसेल तर बक्षीसही नसावं. आणि उपशीर्षकं करून घेणाऱ्यांनी अनुवादकाला संवादाची यादी देऊन भागवू नये. पूर्ण सिनेमा द्यावा, पुरेसा वेळ द्यावा, आणि एका प्रसंगात दोन भाषा असतील तर त्या दोन आहेत हे पडद्यावर दिसू द्यावं.

यातली शेवटची मागणी माझ्या धंद्याच्या सोयीची आहे, हे उघड आहे. पहिल्या चार कुणाच्याच सोयीच्या नाहीत. रडणं विकायला सोपं असतं, न रडणं मिरवायला सोपं असतं, आणि ऐकणं या दोन्हींपेक्षा अवघड असतं, कारण ऐकताना माणूस छान दिसत नाही. कॅमेऱ्याला ते आवडत नसेल तर कॅमेऱ्याला शिकवावं लागेल. आपण आधी शिकलो तर.